ऊर्जा बदलायची तर पीएच.डी.ही बदलायला हवी

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठीच्या ‘सारथी’ या सरकारी संस्थेच्या संशोधन शिष्यवृत्तीचा विषय निघाला. ती २०० विद्यार्थ्यांपुरतीच का, असं कोल्हापूरचे आमदार सतेज पाटील यांनी विधान परिषदेत विचारलं आणि पीएच.डी. करून ही मुलं काय दिवे लावणार, असा उलट सवाल तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी केला. पुढचा गदारोळ सगळ्यांना आठवत असेल. एक बाजू म्हणाली, हा बहुजन समाजातल्या पोरांचा अपमान आहे. दुसरी म्हणाली, करदात्यांच्या पैशावर पाच-पाच वर्षं काढायची आणि शेवटी ग्रंथालयाच्या कपाटात एक जाडजूड प्रबंध ठेवून द्यायचा, हे किती दिवस चालवायचं? तेव्हापासून हा वाद अधूनमधून पेटतो. परदेशी शिष्यवृत्तीचा विषय आला की ‘गेलेले परत येतात का’ हे शेपूट त्याला जोडलं जातं. पण दोन्ही बाजू भांडतात ती फक्त मोजणीवर: किती जणांना द्यायची, किती गेले, किती परतले. संशोधन कशावर, कुणाबरोबर आणि कुठे बसून करायचं, हे विचारायला कुणाला सवड नाही.

आणि त्याच डिसेंबरात, ७ तारखेला, केंद्र सरकारनं उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मनाई केली. आठवडाभरात ती सैल झाली, पण साखरेच्या वापरावर मर्यादा घालूनच. पाऊस कमी झाला होता, ऊस कमी येणार होता, साखरेचा भाव चढण्याची भीती होती. कारणं उघड होती. कर्ज काढून डिस्टिलरी उभारलेल्या कारखान्यांचं गणित मात्र एका आदेशानं विस्कटलं. आता हा प्रश्न कुठल्या विषयाचा? आंबवण्याची प्रक्रिया रसायन अभियंत्याची, पावसाचा अंदाज हवामानशास्त्राचा, उसाचं पाणी कृषिशास्त्राचं, साखरेचा भाव अर्थशास्त्राचा आणि तो भाव सरकारला इतका का झोंबतो हे राज्यशास्त्राचं. यातल्या प्रत्येक विषयात आपल्याकडे पीएच.डी. झालेली माणसं आहेत. हे सगळं एकाच टेबलावर मांडून ‘डिस्टिलरीचं कर्ज काढताय, पण दुष्काळाच्या वर्षी पहिला घाव तुमच्यावरच पडेल’ असं कारखान्याला आधी सांगू शकेल अशी जोडगोळी मात्र तयार झालेली नाही. ती तयार करणारी शाळाच नाही.

म्हणून माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडतो. कोळसा आणि तेलावरून सौर, पवन, जैवइंधनाकडे जाण्याचा जो बदल चालू आहे, त्यावरची डॉक्टरेट एक मार्गदर्शक, एक विद्यार्थी, एक विषय या साच्यात होऊ शकत नाही. ती अनेक विद्याशाखांच्या गटात आणि एकाहून अधिक देशांत काम करूनच घडायला हवी. अशा गटांना कोल्हापूरनं नुसते हुशार विद्यार्थी पुरवू नयेत. अभ्यासाचा प्रश्नही आपणच पुरवावा आणि त्या प्रश्नावर आपला हक्क सांगावा.

युरोपात अशा प्रशिक्षणाची पक्की चौकट आहे. युरोपीय संघाच्या मारी स्क्लोदोव्स्का-क्युरी योजनेत ‘डॉक्टोरल नेटवर्क’ असा एक प्रकार येतो. काही विद्यापीठं, संशोधन संस्था आणि कंपन्या एकत्र येतात आणि एका मोठ्या प्रश्नाभोवती दहा-पंधरा संशोधक नेमतात. संशोधक कुठल्याही देशाचा चालतो. ज्या देशात नेमणूक होणार तिथे मागच्या ३६ महिन्यांत तो १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेला नसावा, अशी अट असते. म्हणजे घर सोडावंच लागतं. नेमणूक नोकरीच्या करारावर होते, पगार आणि सामाजिक सुरक्षा मिळते. एकूण मुदतीच्या एक तृतीयांशापर्यंतचा काळ दुसऱ्या संस्थेत किंवा कंपनीत जाऊन काम करता येतं. प्रबंध ज्याचा त्याचाच असतो. पण बॅटरीच्या रसायनावर काम करणारी, वीजदराच्या कायद्यावर काम करणारा आणि घरोघरी वीज कशी वापरली जाते ते बघणारी समाजशास्त्राची विद्यार्थिनी, असे सगळे एकाच प्रश्नाला बांधलेले असतात आणि त्यांना ठरावीक काळानं एकमेकांसमोर उभं राहून उत्तरं द्यावी लागतात. आपल्याकडे नियम आडवा येतो म्हणावं, तर तसंही नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमांत दुसऱ्या विभागातला, दुसऱ्या संस्थेतला सहमार्गदर्शक चालतो. त्याच वर्षीच्या आणखी एका नियमावलीनं नॅक या मूल्यांकन संस्थेचे किमान ३.०१ गुण असलेल्या संस्थांना परदेशी विद्यापीठांबरोबर संयुक्त पदवीचा रस्ता मोकळा केला. शिवाजी विद्यापीठाला नॅकची ए प्लस प्लस श्रेणी आहे. दार उघडं आहे. आत जायची सवय नाही.

पण हे सगळं कोल्हापुरात कशासाठी? इथल्या नदीकाठाचंच उदाहरण घेऊ. राधानगरी आणि काळम्मावाडी धरणांचं पाणी खाली येतं, आणि काठावरचे शेतकरी ते जॅकवेलमधून, म्हणजे काठावरच्या पंपाच्या विहिरीतून, उचलून मैल-मैल लांबच्या, उंचावरच्या शेतात नेतात. कुणी एकटा, बरेचसे सहकारी पाणीपुरवठा संस्थांमार्फत. संस्थेच्या मोटारी मोठ्या, पन्नास-शंभर एचपीच्या. सौर कृषी पंपाच्या सरकारी योजनेत मिळतो तो ३, ५ किंवा साडेसात एचपीचा पंप. विहिरीवरच्या शेतकऱ्याला तो पुरेल. नदी उचलणाऱ्या संस्थेला त्याचा काय उपयोग? बरं, मोठा सौर प्रकल्प करायचा म्हटलं तर जागा कुठली? काठाची जमीन २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाण्याखाली होती, आणि वरच्या बाजूला ज्याच्याकडे मोकळी जागा आहे तो संस्थेचा सभासदच नसतो. समजा तेही जमलं, दिवसा भरपूर आणि जवळपास फुकट वीज मिळाली, तर उपसा वाढेल की घटेल? उन्हाळ्यात जलसंपदा खातं उपसाबंदी लावतं, तेव्हा आज दिवसा पुरेशी वीज नसणं हाच निम्मा बंदोबस्त असतो. तो गेला तर शेवटच्या गावाच्या पाळीचं काय? रात्री पाणी पाजायला जाणाऱ्या माणसाच्या पायाखाली साप येतो, म्हणून दिवसा वीज हवीच. ती मागणी रास्त आहे. पण त्या मागणीमागे जी साखळी सुटते, तिचा अभ्यास विद्युत अभियांत्रिकीच्या एका प्रबंधात मावत नाही. पंपाची कार्यक्षमता दोन टक्क्यांनी वाढवून दाखवणारा प्रबंध उत्तम असू शकतो. फक्त तो ज्या प्रश्नाचं उत्तर देतो तो प्रश्न नदीकाठी कुणाला पडलेला नसतो.

असं पहिल्यांदाच होतंय असं नाही. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्या कोळशावरून जलविद्युतेकडे वळत होत्या, तेव्हाचं ते ऊर्जा संक्रमणच होतं. त्यासाठी टाटांनी सह्याद्रीत धरणं बांधली आणि मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला. त्याचे पुढारी सेनापती बापट अभियांत्रिकी शिकायला शिष्यवृत्तीवर एडिंबराला गेलेले. धरण कसं उभं राहतं हे त्यांना कळत नव्हतं, असं कोण म्हणेल? आणखी चाळीस-पन्नास वर्षांनी कोयना. भारतीय द्वीपकल्प म्हणजे स्थिर भूखंड, इथे मोठा भूकंप होत नाही, अशी तेव्हाची पक्की समजूत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ती समजूत कोयनानगरसकट कोसळली. सुमारे १८० माणसं मेली. अभियंत्यांनी धरण चोख बांधलं होतं, ते उभंच राहिलं. त्यांच्या शेजारी भूकंपशास्त्रज्ञ बसला नव्हता, आणि विस्थापितांचं काय होणार हे विचारणारा तर नव्हताच. आज कोयना १,९६० मेगावॉटचा प्रकल्प आहे, महाराष्ट्राच्या विजेचा आधार आहे, आणि कोयनेच्या धरणग्रस्तांची आंदोलनंही कालपरवापर्यंत चालूच आहेत. ही दोन वाक्यं आपण वेगवेगळ्या पुस्तकांत वाचतो, हीच अडचण आहे.

आता विरोधातले मुद्दे. ते फालतू नाहीत.

सगळ्यात वजनदार आक्षेप खोलीचा. डॉक्टरेट म्हणजे एका विषयात तळ गाठणं. चार विषयांत पाय ठेवला की चारही उथळ होतात. ‘बहुविद्याशाखीय’ हा शब्द २०२० च्या शैक्षणिक धोरणापासून इतका घासला गेलाय की प्रस्तावात तो नसेल तर प्रस्ताव पुढे सरकत नाही, आणि असला तरी कामात काही फरक पडत नाही. भूगोलाच्या प्रबंधात एक प्रकरण अर्थशास्त्राचं चिकटवायचं, बाहेरच्या परीक्षकानं ते न वाचता सही करायची, असा प्रकार वाढला तर जे थोडं बरं चाललंय तेही जाईल. शिवाजी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात थिन फिल्म (पदार्थाचे अतिपातळ थर) आणि सुपरकॅपॅसिटरवर (वीज साठवणारं उपकरण) जे नाव घेण्याजोगं काम झालं, ते एकाच विषयाला वर्षानुवर्षं चिकटून राहिल्यानं झालं. हे सगळं मान्य.

पण गटात काम करणं आणि एकाच माणसानं चार विषय करणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थिन फिल्मवाल्यानं समाजशास्त्र शिकावं, असं कुणी म्हणत नाही. त्यानं आपला प्रश्न निवडताना समाजशास्त्राच्या माणसाला समोर बसवावं, एवढंच मागणं आहे. खोली तळाशी असते. खणायचं कुठे, हे वरच ठरतं. १९८० च्या दशकात सुधारित चुलीचा राष्ट्रीय कार्यक्रम निघाला. चुलीची कार्यक्षमता मोजणारे शास्त्रज्ञ आपल्या विषयात कच्चे नव्हते. प्रयोगशाळेत चूल कमी लाकडात जास्त पाणी उकळत होती. घरात मात्र भाकरी शेकायला तोंड अरुंद, धुराड्यात काजळी साचली की साफ कोण करणार, तुटलं तर गवंडी कुठून आणायचा. लाखो चुली वाटल्या गेल्या, कित्येक मोडीत निघाल्या आणि कार्यक्रम २००२ मध्ये गुंडाळला. तिथे तज्ज्ञाचं ज्ञान पुरेसं खोल होतं. कमी होती ती भाकरी थापणाऱ्या बाईच्या शेजारी बसण्याची.

पवनचक्कीचा इतिहास याहून बोलका आहे, आणि तो कोल्हापुरातल्या उद्यमनगर या कारखान्यांच्या वस्तीत वाढलेल्या कुणालाही आवडेल. पश्चिम जर्मनीनं १९८३ मध्ये ग्रोविआन नावाची ३ मेगावॉटची महाकाय पवनचक्की उभी केली. शंभर मीटर व्यासाचं चक्र, मोठमोठे संशोधक, सरकारचा पैसा. ती धड चालली नाही आणि काही वर्षांतच उतरवली गेली. त्याच काळात डेन्मार्कमध्ये सुतार, लोहार, शेतीची अवजारं बनवणारे छोटे कारखानदार लहान-लहान चक्क्या बनवत होते. १९७८ मध्ये रिसो इथे सरकारी चाचणी केंद्र सुरू झालं आणि तिथले अभियंते या कारागिरांबरोबर काम करायला लागले. चक्क्यांच्या मालकांची संघटना होती, आणि कुठली चक्की किती चालली, कुठली मोडली, हे ती नियमित छापत असे. कारागीर, अभियंता, मालक आणि सरकार एकमेकांच्या चुका उघड्यावर बघत होते. जगाच्या पवनऊर्जा बाजारात पुढे जर्मनी आली नाही असं नाही, पण पहिली बाजी मारली ती या लोहारांच्या देशानं. ग्रोविआनवाल्यांकडे खोलीची कमतरता होती का? मुळीच नाही. एकाच विषयाची खोली होती, आणि ती कुणाला उत्तर द्यायला बांधील नव्हती.

खरं तर इतकं लांब जायचीही गरज नाही. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा महाराष्ट्रभर गेला. खांबांमध्ये बरगे घालायचे, पावसाळ्याआधी काढायचे, पाऊस सरला की पुन्हा घालायचे. स्थापत्याच्या दृष्टीनं इतकी साधी गोष्ट दुसरी नसेल. पण बरगे वेळेवर कोण काढणार, कोण घालणार, चोरीला गेले तर भरणार कोण, यावरच बंधारा चालतो किंवा पडून राहतो. राज्यात ठिकठिकाणी असे बंधारे कोरडे उभे आहेत आणि त्यांच्या काँक्रीटमध्ये काहीही दोष नाही.

दुसरा आक्षेप आपल्याकडे जास्त मोठ्यानं घेतला जातो: परदेशात शिकलेली मुलं तिकडचीच होतात. यातही तथ्य आहे. कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडची किती तरी संशोधक पोरं दक्षिण कोरियाच्या प्रयोगशाळांत पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचं संशोधन, करतात. एकाच्या ओळखीनं दुसरा जातो, गावाकडच्या वाटेसारखी ती वाट मळलेली आहे. त्यातले काही परत येतात, काही तिकडून अमेरिकेत जातात. त्यांना दोष द्यावा असं त्यात काय आहे? इथे प्राध्यापक भरती वर्षानुवर्षं रखडते, तासिका तत्त्वावर अर्धं आयुष्य जातं. मग तिथे पगार आणि उपकरण दोन्ही मिळत असताना माणूस काय करणार? पण नीट बघितलं तर हा आक्षेप एकेकट्यानं जाण्याच्या पद्धतीलाच लागू पडतो. एकटा जातो तो दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत, दुसऱ्याच्या प्रश्नावर काम करायला. त्याच्या नमुन्याला इथल्या भोगावती नदीच्या पाण्याशी कसलंच नातं नसतं, मग त्यानं कशाच्या ओढीनं यावं? उलट ज्याचा प्रश्न इथला आहे, ज्याला प्रबंधासाठी तीन पावसाळे इथेच मोजायचे आहेत, आणि ज्याचे दोन सहकारी कोपनहेगनहून किंवा सोलहून इथे येऊन राहणार आहेत, त्याच्या बाबतीत गेला आणि आला या मोजणीला फारसा अर्थच उरत नाही.

इथे एक नाव घ्यावंच लागतं. १९२० साली माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी डॉ. आंबेडकरांना पुढे केलं आणि त्याच वर्षी लंडनला अपुरं राहिलेलं शिक्षण पुरं करायला त्यांना मदत केली. कोलंबिया आणि लंडनमध्ये बाबासाहेबांनी अर्थशास्त्र केलं, कायदा केला. त्यांच्या डॉक्टरेटांचा विषय वीज नव्हता. पण १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खातं त्यांच्याकडे आलं तेव्हा पाटबंधारे आणि वीज त्याच खात्यात होतं. देशाच्या विजेचा विचार एकत्र करणारं केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ १९४४ मध्ये उभं राहिलं, दामोदर खोऱ्याच्या परिषदांचं अध्यक्षपद त्यांनी सांभाळलं, आणि वीज ही नफ्याची वस्तू नसून उद्योगासाठी स्वस्तात मिळायला हवी, हा विचार एका अर्थशास्त्रज्ञानं अभियंत्यांच्या बैठकीत आणला. परदेशी शिकलेला माणूस कुणाचा होतो, हे तो कुणाचा प्रश्न बरोबर घेऊन जातो त्यावर ठरतं, आणि त्याला परतल्यावर कुठल्या टेबलावर बसायला मिळतं त्यावरही.

दामोदरचाच धागा पुढे नेला की तिसरा आणि मला स्वतःला सगळ्यात अवघड वाटणारा आक्षेप समोर येतो. आंतरराष्ट्रीय म्हणजे बहुतेक वेळा ‘त्यांचं’. पैसा त्यांचा, प्रश्न त्यांचा, निष्कर्षही त्यांच्या नियतकालिकात. आपल्या वाट्याला प्रश्नावल्या भरून घ्यायच्या. युरोपीय योजनांत भारतीय संस्था भागीदार म्हणून येते तेव्हा आजवर बहुधा तिला त्या तिजोरीतून थेट निधी मिळत आलेला नाही. आणि बाहेरून आलेला नकाशा जसाच्या तसा अंथरला की काय होतं, ते दामोदरनं दाखवलं. १९४३ च्या पुरानंतर भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांनी अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याच्या धर्तीवर योजनेचा आग्रह धरला, टेनेसीचाच अभियंता आराखडा करायला आला, त्यानं आठ धरणं सुचवली. पहिल्या टप्प्यात झाली चार. मैथन आणि पंचेतला जमीन ठरल्या पातळीपर्यंत संपादित झाली नाही, त्यामुळे पूर पोटात घेण्याची कागदावरची ताकद प्रत्यक्षात आलीच नाही. टेनेसीत जे जमिनीचं गणित होतं ते बंगाल-बिहारच्या दाट वस्तीत नव्हतं. साहा द्रष्टे होते, यात शंका नाही. पण त्या टेबलावर जमिनीचा अभ्यासक नव्हता.

तरीही यातून ‘बाहेरचं नकोच’ असा अर्थ काढणं मला पटत नाही, कारण कोयनेनं त्याचं उलट उदाहरणही दिलं आहे. जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपांच्या अभ्यासात कोयनेइतकी महत्त्वाची जागा जगात दुसरी क्वचितच असेल. कऱ्हाडला त्यासाठी केंद्र सरकारची भूभौतिकी प्रयोगशाळा आहे. गोठणे इथे ३ किलोमीटर खोल वेधनछिद्र २०१७ मध्ये पूर्ण झालं, आणि जगभरचे शास्त्रज्ञ त्या कामाकडे डोळे लावून असतात. फरक कुठे पडला? प्रश्न इथला होता, जागा आपली होती, उपकरणांची आणि नोंदींची मालकी आपली होती. म्हणून बाहेरचा आला तो पाहुणा म्हणून, आणि त्याच्याकडून शिकायचं ते शिकता आलं. (या कामात विस्थापितांचा अभ्यासक अजूनही कुठे दिसत नाही, ही माझी तक्रार कायम आहे.)

नोकरीचा मुद्दा थोडक्यात आटोपतो, कारण तो खरा असला तरी सुटणारा आहे. सहायक प्राध्यापकाच्या छाननीत ‘संबंधित विषय’ बघितला जातो. ऊर्जाधोरणात डॉक्टरेट केलेल्या मुलीला अर्थशास्त्रवाले अभियांत्रिकीकडे आणि अभियांत्रिकीवाले अर्थशास्त्राकडे ढकलतात. गटातल्या प्रत्येकाचा प्रबंध त्याच्या मूळ विषयातच नोंदवला, तर हा पेच येत नाही. गट प्रश्नावर करावा, पदवी विषयात द्यावी. आणि हो, हरित ऊर्जा शिकायला विमानातून हिंडायचं, यातली विसंगती मलाही दिसते. एकदा जाऊन वर्षभर राहावं, दर परिषदेला उडू नये, एवढं पथ्य पाळलं तरी पुष्कळ.

आता कोल्हापूरकडे मांडायला कुठले प्रश्न आहेत? शिरोळी, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्या, म्हणजे धातूच्या ओतकामाचे कारखाने, घ्या. कोकवरची क्युपोला भट्टी जाऊन विजेवरची इंडक्शन भट्टी आली, म्हणजे धूर गेला आणि वीजबिल आलं. महाराष्ट्रातला औद्योगिक वीजदर परवडत नाही म्हणून कर्नाटकात जाण्याचे इशारे आपण अधूनमधून ऐकतोच. त्यात युरोपीय संघानं सीमेवरचा कार्बन कर आणला: ऑक्टोबर २०२३ पासून आयातदारांना लोखंड-पोलादाचा कार्बन हिशोब द्यावा लागला, आणि १ जानेवारी २०२६ पासूनच्या आयातीवर तो कर लागू झाला. इथून जाणारं प्रत्येक कास्टिंग त्या यादीत आहे असं नाही, पण यादी आखूड होत जाईल असं समजणं भाबडेपणाचं ठरेल. धातुशास्त्र, वीजनियमन, व्यापार कायदा आणि वीस कामगारांच्या फौंड्रीत हा हिशोब लिहिणार कोण, असे चार धागे इथे एकत्र येतात. याच्यासाठी जर्मन विद्यापीठाला आपली गरज आपल्याला त्यांची आहे तितकीच आहे, कारण कर लावणाऱ्याला तो इथे कसा झिरपतो हे माहीत नसतं.

गुऱ्हाळाचंही तेच. चुलवाणात वाळलेलं चिपाड सारत काहिलीतला रस आटवायचा, हे जैवइंधनच आहे, आणि ‘हरित’ हा शब्द इकडे येण्याच्या कितीतरी आधीपासूनचं. चुलवाणाची उष्णता किती वाया जाते, हे मोजता येतं. कोल्हापुरातच ऊस आणि गूळ संशोधन केंद्र आहे. पण जाळ कधी वाढवायचा, कधी मारायचा, हे गूळ शिजवणाऱ्या गुळव्याच्या डोळ्यांत असतं, आणि नवा गुळव्या तयार होत नाही. भट्टी सुधारली आणि गुळव्या संपला तर कुणासाठी सुधारली?

राहिला पैसा. ‘बार्टी’ अनुसूचित जातींसाठी, ‘सारथी’ मराठा-कुणबींसाठी, ‘महाज्योती’ ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी. परदेशी जाणाऱ्या अनुसूचित जातींच्या ७५ विद्यार्थ्यांसाठी राज्याची वेगळी शिष्यवृत्ती आहे, तिला राजर्षी शाहू महाराजांचंच नाव आहे. या संस्था असायलाच हव्यात. ‘काय दिवे लावणार’ म्हणणाऱ्यांशी त्या बाबतीत माझी तडजोड नाही. पण प्रत्येकीचा अर्ज वेगळा, यादी वेगळी, विद्यार्थी एकेकटा. शाहू महाराजांनी वसतिगृहं समाजवार काढली ती सोय म्हणून. त्या वसतिगृहांतली मुलं शिकायला मात्र त्याच शाळा-कॉलेजांत एकत्र बसत. आपण वसतिगृहांची नक्कल केली आणि एकत्र बसण्याचा भाग सोडून दिला. उद्या तीन वेगवेगळ्या संस्थांचे पाच विद्यार्थी, एक विद्युत अभियांत्रिकीचा, एक अर्थशास्त्राची, एक जलशास्त्राचा, एक समाजशास्त्राची, एक कायद्याचा, भोगावतीच्या काठावरच्या उपसा संस्थांवर मिळून अर्ज करायला निघाले, पाचांना मिळून बाहेरचं एक विद्यापीठही सापडलं, तर तो अर्ज भरायला आज रकाना नाही. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही. तीन संस्थांनी मिळून शासन निर्णयात एक परिच्छेद वाढवायचा आहे, आणि त्यात तीन अटी घालायच्या आहेत: अभ्यासाची माहिती इथल्या विद्यापीठात राहील, परदेशी भागीदाराचा संशोधकही तेवढाच काळ इथे येऊन राहील, आणि प्रबंधाचा मराठी गोषवारा त्या पाणीपुरवठा संस्थेच्या वार्षिक सभेत वाचला जाईल, सभासदांचे प्रश्न संपेपर्यंत.